एकोणीस एकांची रांग

दोष तात्यासो मगदुमांचा. कावीळ, कबनूरचं पाणी, सासरची माणसं अशी दुसरी नावं घेण्यात अर्थ नाही. उचगावात आजही कुणी विषय काढला की तात्यासो हात जोडतात, वर बघतात आणि म्हणतात, "कर्म, दुसरं काय." फोन कानाला लावून तोंड मिटून उभं राहण्याला कर्म म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पोरगी मेली ती त्या गप्प बसण्यानं.

पण आधी आकड्याचं सांगायला पाहिजे. त्याशिवाय तात्यासोंच्या पोरानं, सम्मेदनं, कबनूरच्या मागाच्या शेडमध्ये काय ऐकलं ते कळणार नाही.

तात्यासोंची मार्केट यार्डात गुळाची अडत. माणूस धार्मिक, म्हणजे दिसायला फारच. पर्युषणाच्या दहा दिवसांत ते संध्याकाळच्या जेवणापासून दुसऱ्या दिवशी बस्तीतली, म्हणजे जैन मंदिरातली, पूजा होईपर्यंत मौन पाळत. पाळोत बापडे. पण स्वतः गप्प बसून भागत नसे, सगळ्या घराला गप्प बसावं लागे. जेवणं दिवस मावळायच्या आत. त्यानंतर घरात कुणी शिंकलं तरी तात्यासोंच्या भुवया वर. बायको, सीताबाई, पायातली जोडवी वाजू नयेत म्हणून भिंतीच्या कडेनं चालायची.

दोन पोरांच्या खोल्यांमध्ये एक भिंत होती. थोरली प्रियदर्शनी, जिला सम्मेद अक्का म्हणायचा, आणि हा धाकटा. बोलायचं नाही म्हटल्यावर दोघं बोटाच्या पेरानं भिंत वाजवायला लागली. शब्द कसे वाजवणार? म्हणून आकडे. जेवढा आकडा तेवढ्या टकटका, शून्याच्या जागी लांब थांबायचं. खेळ असा की एकानं संख्या द्यायची, दुसऱ्यानं ती फोडायची. भाग जात नसेल तर नखानं भिंतीवर एक ओरखडा. आणि संख्या कशानंच फुटत नाही, मूळ संख्या आहे अशी खात्री झाली की तळहात सपाट भिंतीवर. धप्प. ती धप्प बहुतेक वेळा अक्काच्या बाजूनं यायची. सम्मेद पलीकडं अंधारात दात विचकत पडायचा. त्याला आयुष्यात त्याइतकं जवळ दुसरं कुणी कधी आलं नाही.

अक्का गणितात वेडी होती. वेडी म्हणजे चांगल्या अर्थानं, पण घरात हा शब्द तसा कुणी वापरला नाही. तिला नुसत्या एकांच्या संख्यांचा नाद लागला. इंग्रजी एक, म्हणजे उभी रेघ. रेघेला रेघ लावत जायचं आणि बघायचं, रांग फुटते का. दोन रेघा, अकरा; अकरा फुटत नाही. तीन रेघा, एकशे अकरा. तीन गुणिले सदतीस. पाच रेघा, एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सात रेघाही फुटल्या. रांगेची लांबी फुटत असेल तर रांग फुटतेच, हे तिनं बारावीत स्वतः शोधलं, त्यामुळं सहा, नऊ, पंधरा असल्या रांगांकडं ती बघायचीही नाही. अकरा रेघांना तिला आख्खी दिवाळीची सुट्टी लागली. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं भाग गेला, तेव्हा ती अंगणात नाचली होती. तेरा फुटली. सतराचे अवयव बी.एस्सी.च्या सरांनी सांगितले. ते एकोणीसचंही सांगायला लागले तेव्हा तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"न्हाय सर. एकोणीसचं मी काढणार."

आणि तिनं वाट पण शोधली. एकोणीस एकांच्या रांगेला भाग जाईल अशी कुठलीही संख्या घ्या, तिला अडतीसनं भागलं की बाकी एकच उरते. म्हणजे सगळे आकडे तपासायला नकोत. अडतीसच्या पायरीनं वर चढत जायचं. एकशे एक्क्याण्णव, दोनशे एकोणतीस, चारशे एकोणीस... जिना लांब होता, पण जिना होता.

पहिल्या वर्षात तिला ऐंशीच्या वर टक्के पडले. तात्यासोंनी पेढे वाटले आणि त्याच आठवड्यात कबनूरच्या आवट्यांना होकार कळवला. चोवीस माग, स्वतःची शेड, पोरगा निर्व्यसनी. "शिकून काय मागावर आकडे विणायचेत?" म्हणाले आणि स्वतःच हसले. पाव्हणेही हसले. हे नव्याण्णव साल.

लग्नानंतर राखीला ती यायची तेव्हा बोटं मागाच्या कांड्या, म्हणजे सुताच्या नळ्या, भरून चिरलेली असायची. माहेरच्या चौकटीत पाय ठेवायच्या आधी कानात पुटपुटायची, "सम्या, दीड लाखापर्यंत आले बघ. अजून भाग जाईना."

सम्मेद तोवर इंजिनिअरिंगला गेला होता. कॉलेजच्या लॅबमध्ये त्यानं प्रोग्रॅम टाकला. चहा पिऊन येईपर्यंत कम्प्युटरनं एकशे पाच कोटींच्या वरपर्यंतचा सगळा जिना तपासला. ते त्या रांगेचं वर्गमूळ, त्याच्यापुढं बघायची गरजच नसते. कशानंच भाग गेला नव्हता. एकोणीस एकांची रांग अखंड होती. पण अक्काला सांगायचं नव्हतं. तिची अटच होती. तो नुसता हसायचा आणि ती त्याच्या पाठीत धपाटा घालायची. "हसतोस काय रं? म्हाईत हाय व्हय तुला? बोललास तर जीभ हासडीन."

दोन हजार एकच्या पर्युषणात तिला कावीळ झाली. सासरच्यांनी गळ्यात कसलीशी माळ बांधली आणि मूळव्याधीवरचा गावठी वैद्य आणला. दिवेलागणीला तिनं शेजारच्या एस्टीडी बूथवरून उचगावला फोन लावला. सीताबाई बस्तीत आरतीला, सम्मेद कॉलेजात. फोन तात्यासोंनी उचलला.

दुसऱ्या दिवशी पूजा आटपून, दूध पिऊन, मिशा पुसून त्यांनी तोंड उघडलं.

"काल पोरीचा फोन आलता. न्यायला या म्हणत हुती. अडतीवरच्या ज्ञानूला जीप घेऊन धाडा."

"कवा आलता फोन?" सम्मेदनं विचारलं.

"दिवेलागणीला."

"मग तुम्ही काय बोललासा?"

"मौन हुतं की."

"काहीच न्हाय?"

"आरं, मौन म्हंजे मौन. ती 'अप्पा, अप्पा' म्हणाली दोन-चारदा. मग ठेवला तिनंच."

जीप हातकणंगल्याच्या पुढं गेली नसेल. तोवर घरी कबनूरचा फोन आला, अक्का गेली. नंतर बस्तीतल्या पंडितांनी सीताबाईंना सांगितलं की मौन मोडलं असतं तर एका उपवासात भागलं असतं. एका उपवासात.

यानंतर दोन वर्षांनी अक्काच्या नवऱ्याचं, भरतेश आवटेचं, दुसरं लग्न ठरलं. लग्नात दिलेली लोखंडी तिजोरी तेवढी घेऊन जा, नव्या सुनेला डोळ्यापुढं नको, असा निरोप आला. तात्यासोंनी सम्मेदला पाठवलं. साधं काम. टेम्पो ठरवायचा, तिजोरी चढवायची, परत यायचं.

तो दुपारी पोचला. तिजोरी शेडमध्ये होती, तिच्यावर सुताचे कोन रचून ठेवलेले. चोवीस माग चालू, म्हणजे शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावून ओरडायचं. हवेत कापसाची तूस, तेलाचा आणि खळीचा आंबट वास. टेम्पोवाल्याचा पत्ता नव्हता. पिराजी नावाचा म्हातारा मागवाला त्याला कोपऱ्यात घेऊन गेला. तिथं कांड्या भरायचं चाक होतं आणि त्याच्यामागं पांढऱ्या चुन्याची भिंत.

"वैनी हितंच बसायच्या," पिराजी ओरडला. "ह्ये बघा. दिस मोजायच्या बिचाऱ्या, म्हायेरला जायचं!"

भिंतीवर खडूनं उभ्या रेघा ओढल्या होत्या. सम्मेदनं त्या मोजल्या. त्याला मोजायची गरज नव्हती, तरी मोजल्या. एकोणीस. तिनं दिवस मोजले नव्हते. ती तिची रांग होती. जिच्याकडं बघत बसायचं आणि मनात भाग देत राहायचं.

एवढ्यात लाईट गेली. चोवीस माग एकदम थांबले. तेव्हा भारनियमन असं असायचं की घड्याळ लावून घ्यावं. पण इथले कामगार एकमेकांशी एक शब्द न बोलता, जवळजवळ धावत बाहेर गेले. पिराजीनं सम्मेदच्या बाहीला धरलं.

"पावणं, भाईर चला. लाईट न्हाय तवर हितं कोन थांबत न्हाय."

"का?"

"चला म्हंतोय न्हवं..."

सम्मेद थांबला. टेम्पोची वाट बघायची होती, आणि बाहेर भरतेशचं तोंड बघायचं नव्हतं. एवढंच कारण. पिराजी गेला. मोठ्या आवाजानंतरची शांतता कानात कापूस कोंबल्यासारखी असते. पत्र्यातून ऊन तिरपं आत आलं होतं आणि त्या उन्हात तूस तरंगत होती, कुठंच न जाता.

मग भिंतीतून टकटक आली.

दोन. चार. तीन. आठ. मग लांब थांबा. मग नऊ.

आणि ओरखडा.

भिंतीपलीकडं उघडं रान आणि ओढा होता, हे त्यानं येतानाच पाहिलं होतं. तो हलला नाही. पुन्हा आलं. दोन, चार, तीन, आठ, चार, सात. ओरखडा. पाठोपाठ दोन, चार, तीन, नऊ, दोन, तीन. मधला पाचावर संपणारा आकडा तिनं गाळला होता. पाचावर संपणाऱ्यानं भाग जात नसतो, मग त्याच्यावर टकटका कशाला वाया घालवायच्या? अक्काची सवयच ती.

त्यानं पहिल्या संख्येतून एक वजा केला. दोन लाख त्रेचाळीस हजार आठशे आठ. भागिले अडतीस. सहा हजार चारशे सोळा, नि:शेष.

दीड लाखावर होती ती मरायच्या आधी. मेल्यावर थांबली नव्हती. जिना चढतच होती.

"अक्का..." त्याच्या तोंडातून एवढंच आलं.

टकटक थांबली. खळीच्या वासातून त्याला ओल्या खडूचा वास आला, अगदी नाकाजवळ. मग भिंतीतून हळूच एक टकटक. एकच. लहानपणी याचा अर्थ असायचा, मी हाय, तू झोपू नको.

त्यानं गाल भिंतीला लावला. चुना गार होता. दोन वर्षांत त्याला रडू आलं नव्हतं, ते तिथं आलं. पलीकडं ओरखडा उमटला आणि आकडे पुन्हा सुरू झाले.

टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा तो उठला. तिजोरी उचगावला पोचवली आणि चार दिवसांनी कसलंतरी खोटं कारण काढून परत कबनूरला आला. मग पुन्हा आला. परीक्षा बुडाली. पुढची पण बुडाली. शेवटी त्यानं भरतेशला गाठलं.

"दाजी, मला मागावर घ्या."

भरतेशनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "इंजिनिअर मागावर? चेष्टा करतोस व्हय?"

"पगार कमी द्या."

यावर भरतेशला काही शंका उरली नाही. पगार कमी म्हटल्यावर आवट्यांना कसलीच शंका उरत नसे.

अशी सम्मेदची नोकरी सुरू झाली. आठ तास चोवीस मागांचा दणका, आणि त्याच्या बदल्यात भारनियमनाचे दोन-अडीच तास अक्का. बाकीचे बाहेर वडाखाली विड्या ओढायचे, हा भिंतीला टेकून बसायचा. कामगार त्याला टाळायला लागले. पोरं "भिंतीचा नवरा" म्हणून चिडवायची. त्याला फरक पडला नाही. कधी तो मधेच टकटक करायचा, ती थांबायची, एक टकटक द्यायची. घरात असं कुणी त्याच्यासाठी थांबलं नव्हतं.

एकदा त्यानं हिशोब केला. या वेगानं तिचा जिना संपायला वीस हजारांवर वर्षं लागणार होती. आणि जिन्याच्या टोकाला काहीच नव्हतं. भाग जाणारा आकडा नव्हताच. हे त्याला माहीत होतं. जगात तिला हे सांगू शकेल असा तोच एकटा होता, आणि सांगायला एक तळहात पुरेसा होता. सपाट, भिंतीवर. धप्प. अखंड आहे, अक्का. सापडणार न्हाय. बस कर आता.

त्यानं हात उचलला. मग वाटलं, सांगितल्यावर ती कशासाठी थांबेल?

हात खाली आला.

असा तो रोज खाली यायचा. वर्षभर, दोन वर्षं, तीन वर्षं. बापाला आयुष्यभर शिव्या देणाऱ्या या पोरानं तेच केलं जे बापानं केलं होतं. पलीकडं ती राबत होती आणि हा सगळं माहीत असून गप्प. बापाला निदान व्रताचं निमित्त होतं. याला ती हवी होती, एवढंच.

एकदा तात्यासो स्वतः आले. पांढरी टोपी, हातात पिशवी.

"सम्या, घरला चल. चार माणसांत तोंड दावायला जागा ठेवली न्हाईस."

"बसा अप्पा. लाईट जाऊ दे."

"लाईट गेल्यावर काय हुतंय?"

"तुमची पोरगी बोलतीया."

तात्यासोंचा चेहरा वाळला, पण ते बसले. लाईट गेली, माग थांबले, माणसं बाहेर पळाली. बापलेक भिंतीसमोर. पाच मिनिटं गेली. पंधरा गेली. पत्रा उन्हानं तडतडला, तेवढाच आवाज.

"अक्का," सम्मेद म्हणाला. "अक्का, अप्पा आल्यात."

काही नाही.

"प्रिया..." तात्यासो म्हणाले. मग घसा खाकरून पुन्हा, "बाळ, प्रिया..." दोन-चारदा म्हणाले. भिंत नुसती भिंत होती. तासाभरानं ते उठले. "डोस्क्यावर परिणाम झालाय तुझ्या," म्हणाले, पण सम्मेदकडं न बघता. चपला घालताना त्यांचा पाय दोनदा चुकला.

ते रस्त्यापर्यंत पोचले आणि भिंतीत टकटक सुरू झाली. जिथं काल थांबली होती बरोबर तिथून, अडतीस पुढं. सम्मेदला बापाला हाक मारता आली असती. त्यानं मारली नाही.

त्यानंतर आवाज बारीक होत गेले. आधी त्याला वाटलं, अक्का दमली. ओरखडे ऐकू येईनात. मग नवाच्या आठच टकटका ऐकू येऊ लागल्या, मग पाच. तो कान भिंतीला दाबून धरायचा, श्वास कोंडायचा. एक दिवस पिराजी समोर उभा राहून ओरडत होता आणि लाईट गेलेली होती, शेड शांत होती, तरी त्याचे नुसते ओठ हलताना दिसले. तेव्हा सम्मेदला कळलं की आवाज अक्काचा कमी झालेला नाही.

मिरजेच्या डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं: मागाचा आवाज, उशीर झाला, उपाय नाही.

दोन हजार नऊच्या भाद्रपदात, लाईट गेल्यावर, त्यानं पिराजीला हाताला धरून भिंतीपाशी आणलं. म्हातारा अंग मागं ओढत होता, पण आला. सम्मेदनं विचारलं, "वाजतंय?" पिराजीनं मान हलवली. व्हय. वाजत होतं.

मग सम्मेदनं सहा वर्षं उचललेला हात एकदाचा भिंतीवर मारला. सपाट. चुन्याचा पोपडा पडला. खडूच्या रेघांवर त्याचा तळहात उमटला. त्याला स्वतःला त्याचा आवाज आला नाही.

"थांबलं का?" त्यानं विचारलं.

पिराजी भिंतीकडं बघत नव्हता. त्याचे ओठ हलत होते, डोळे पांढरे झाले होते, आणि त्यानं उचललेलं बोट सम्मेदच्या खांद्यावरून मागं, कांड्यांच्या चाकाकडं होतं. सम्मेद वळला. चाक थांबलेलं होतं. बसायचा पाट रिकामा होता. वळून बघतो तर पिराजी दारातून बाहेर पळत होता. तो त्या शेडमध्ये पुन्हा आला नाही आणि काय बघितलं, काय ऐकलं, ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही. ती धप्प ऐकून अक्का थांबली की नाही, हे सम्मेदला कधीच कळलं नाही.

सम्मेदचं शिक्षण गेलं, घर गेलं आणि सत्ताविसाव्या वर्षी दोन्ही कान गेले.